फडातली जोड आणि कागदावरची पात्रता

कुस्तीत गुण मोजायची सवय शहरांनी आणि परदेशी संघटनांनी लावली, जत्रेच्या फडात मात्र निव्वळ रग आणि हौस होती, असे बोलले जाते. परभणी जिल्ह्याच्या बाबतीत हे अर्धेच खरे आहे. गुणपत्रक फडात नव्हते, पण पात्रता होती आणि ती कसून तपासली जाई. कोण कोणाशी लढण्याच्या लायकीचा, कोणाची कुस्ती दुपारी लावायची आणि कोणाची दिवस कलताना, शेवटच्या मानाच्या कुस्तीला कोणाला उभे करायचे, हे सगळे पंच ठरवत. ते काही मनाला येईल तसे ठरत नसे. कोणी कुठे काय मारले, कोणाकडून खाल्ले, अंगात किती कस आहे, याचा हिशेब त्यामागे असे, फक्त तो माणसांच्या डोक्यात असे. हौशी खेळाडूने पात्रतेचे गुण मिळवून वरच्या स्पर्धेत जायचे ही आजची रीत याच जुन्या हिशेबाची पुढची पायरी आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. या वाटचालीत वजनाला आणि बाईमाणसाला न्याय मिळाला, वयाला मात्र मिळाला नाही. चाळिशी-पन्नाशीच्या हौशी खेळाडूला जुन्या फडात निदान अधूनमधून जागा मिळे. नव्या शिडीवर त्याच्यासाठी पायरीच ठेवलेली नाही.

आधी फडाची रीत पाहू. परभणीच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी हाताशी आली की जत्रांचे दिवस सुरू होतात, आणि जत्रेला कुस्त्यांची दंगल ही मराठवाड्यातली जुनी जोडगोळी. पैसा लोकवर्गणीचा. सुरुवात लहान पोरांच्या कुस्त्यांनी होई, त्यांना रेवड्या नाहीतर नारळ. मग इनामाची रक्कम चढत जाई आणि अखेरच्या कुस्तीला फेटा, चांदीचे कडे किंवा गावाने जमवलेली मोठी रक्कम असे. हलगीवर कुस्ती पुकारली जाई, पैलवान फडात फिरून आव्हान देई, आणि आव्हान घेणारा पुढे आला की पंच दोघांना शेजारी उभे करून जोड पाहत. खांद्याला खांदा, मांडी, मान, छाती नजरेखालून जाई. जोड बेताची नसेल तर पंच ती मोडत किंवा इनाम कमी करत, आणि पंचांनी डोळेझाक केली तर प्रेक्षक गप्प बसत नसत. ही निवड चाचणीच होती. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंतचा क्रम ही दर्जाची उतरंड होती आणि यंदा पाचव्या कुस्तीला असलेला गडी पुढच्या साली तिसरीला दिसला तर ती त्याची बढती होती. शेजारच्या गावच्या पंचांना ही बढती ठाऊक असे, म्हणून तिथे त्याला पुन्हा नारळापासून सुरुवात करावी लागत नसे. गावोगाव फिरणारी ही कीर्ती हेच त्या काळचे गुण.

या हिशेबाची मर्यादाही स्पष्ट होती. तो जत्रेच्या पंचक्रोशीपलीकडे जात नसे आणि पंचांची एक पिढी गेली की पुसला जाई. ही मर्यादा परभणीत इतकी दीर्घकाळ का टिकली, याचे कारण राजकीय इतिहासात सापडते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडात, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. या संस्थांनी नुसते खेळाडू घडवले नाहीत, तर नियम लिहिले, स्पर्धा भरवल्या, निकाल नोंदवून ठेवले. परभणी त्याच वेळी निजामाच्या हैदराबाद राज्यात होती. जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता, हिंगोली त्यातच होती आणि आज जालन्यात असलेले परतूरही. पण राजाश्रय हैदराबाद शहरापाशीच थांबे. शिवाय १९२० नंतरच्या काळात निजाम सरकारने सभा, खाजगी शाळा आणि आखाडे यांच्यावर परवानगीची बंधने घातली. व्यायामासाठी चार पोरे जमली तरी तिथे राजकारण शिजते आहे, असा संशय घेतला जाई. १९३७ साली याच जिल्ह्यातल्या परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेही अशाच दबलेल्या वातावरणात. जिथे संस्था काढणेच जोखमीचे, तिथे क्रीडासंघटना आणि तिची वही कुठून येणार? जत्रेला मात्र धर्माचे कवच होते, त्यामुळे फड चालू राहिला. परभणीच्या कुस्तीने कीर्ती तोंडी सांभाळली ती लोकांना लिहिणे नको होते म्हणून नव्हे. लिहून ठेवणारी संस्था उभी राहायला तिथे वावच नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याआधीच, १९५३ मध्ये, मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली होती. राज्य होऊन वर्ष उलटते न उलटते तोच, १९६१ मध्ये, परिषदेने पहिला महाराष्ट्र केसरी ठरवणारी स्पर्धा घेतली ती औरंगाबादला. मराठवाड्याच्या मातीत झालेल्या त्या स्पर्धेत किताब जिंकला सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनी. हा निकाल बोलका आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी तालमी, खुराक, वस्ताद आणि संघटना यांची साखळी आधीच जुळलेली होती, इथे ती नव्हती. मराठवाड्याचा गडी कमी नव्हता, हे १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झालेल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी दाखवले. पण लातूरकडच्या रामलिंग मुदगडच्या या पैलवानाला घडायला कोल्हापूरची गंगावेस तालीमच गाठावी लागली. परिषदेच्या रचनेने जिल्ह्याच्या पैलवानासमोर एक नवी गोष्ट ठेवली, ती म्हणजे लेखी शिडी. तालुक्यातून जिल्हा निवड चाचणी, तिथून राज्य अधिवेशन, माती आणि गादी असे दोन विभाग, प्रत्येकात वजनगट, आणि सर्वांत वरच्या गटात गादीचा विजेता व मातीचा विजेता यांची केसरीसाठी गाठ. महाविद्यालयीन खेळाडूची शिडी वेगळी. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाल्यावर तिचे टोक औरंगाबादला गेले आणि १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाल्यावर परभणीसाठी ते नांदेडला आले. आता कीर्ती वहीत लिहिली जाऊ लागली, आणि परभणीच्या पंचांना ठाऊक असलेली गोष्ट पुण्यातही वाचता येऊ लागली.

इथे पहिला आक्षेप येतो. फडात निकाल चितपट लागे, पाठ मातीला टेकली की वाद संपला; गुणांनी कुस्तीचा कस गेला, एकदा पकड करून दोन गुण घ्यायचे आणि मग वेळ काढायची, ही कसली मर्दुमकी, असे जुने जाणते म्हणतात. त्यात तथ्य आहे. आघाडी घेऊन अंग चोरणारा मल्ल गादीवर दिसतोच. पण फडातली प्रत्येक कुस्ती निकाली होत होती हे मात्र खरे नाही. तास तास चाललेल्या खडाखडीनंतर बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्या हा जत्रेचा नित्याचा अनुभव होता, आणि अशा कुस्तीत कोण वरचढ ठरला याची नोंदच नसे, दोन्ही गावे आपापला गडी भारी होता असे सांगत घरी जात. गुणांनी या बरोबरीला भाषा दिली. आजच्या फ्रीस्टाइल नियमांत प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर रेटले तर १ गुण, खाली घेऊन मागून ताबा मिळवला तर २, मोठ्या फेकीला ४ किंवा ५ गुण मिळतात, आणि १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. चितपट मारली तर गुण कितीही असोत, विजय तिचाच. म्हणजे जुना निकाल जागेवरच आहे. तो लागला नाही तर काय करायचे, एवढेच गुण सांगतात.

गुणांचा आणखी एक उपयोग आक्षेप घेणारे विसरतात. लिहिलेल्या निकालाविरुद्ध दाद मागता येते. खाशाबा जाधवांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे, पण ती बहुतेकदा घरच्या गरिबीची म्हणून सांगितली जाते. ती पात्रतेचीही कथा आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आलेले जाधव १९५२ च्या निवडीत गुणांच्या वादावरून बाजूला पडले. त्यांनी पटियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली, ती त्यांनी जिंकली, आणि हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवून ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. पंचांचा कौल केवळ तोंडी असता तर कशाविरुद्ध दाद मागणार होते? फडातल्या अन्यायावर उपाय एकच होता, पुढच्या जत्रेची वाट पाहणे. लेखी निकालात अन्याय होत नाही असे नाही, पण तो दाखवून देता येतो, आणि कोणी पाठीराखा नसलेल्या जिल्ह्याच्या खेळाडूला याचे मोल अधिक आहे.

वजनगटांबाबतही असेच. जोड लावताना पंच अंगकाठी पाहत, म्हणजे वजनाचा न्याय त्यांना कळत होता. पण इनामाची उतरंड सरळ अंगाच्या आकाराशी बांधलेली होती. सत्तावन्न किलोचा गडी कितीही चपळ असो, शेवटची कुस्ती त्याच्या वाट्याला येत नसे. वजनगटांनी त्याला त्याच्या मापाचे शिखर दिले. ५७ किलोचा राज्य विजेता हा तितकाच विजेता आहे, ही कल्पना फडाला परकी होती. बायकांच्या बाबतीत तर फडाकडे काही उत्तरच नव्हते. मुलीशी जोड लावायची ती कोणाची, हा प्रश्न पंचांपुढे येण्याआधीच मोडीत निघे, आणि अपवाद झाला तर त्याची गणना तमाशात होई. वेगळा गट, वेगळी निवड चाचणी आणि वेगळे गुणपत्रक झाल्यावरच दार उघडले. २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. गटांचा कागदी पसारा हौस मारतो, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे, कारण या दोन्ही वेळी ज्यांना हौस असूनही संधी नव्हती त्यांना ती गटामुळेच मिळाली.

मग वय का सुटले? शिडीच्या पायऱ्या पाहिल्या की कारण दिसते. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या. त्यापुढे विद्यापीठ, साधारण पंचविशीपर्यंत. त्यानंतर खुला गट, जिथे चाळिशीच्या माणसाला बावीस वर्षांच्या पोराशी झुंजावे लागते. राज्य सरकारने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले आणि १ जुलै २०१६ ला त्याचे नियम सुधारले. हा निर्णय योग्य होता. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराने पोराच्या खुराकावर खर्च करायचा तर समोर काही आधार दिसायला हवा. पण त्याचा एक परिणाम असा झाला की प्रमाणपत्राची किंमत नोकरीच्या वयापुरती उरली. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठेही पाहा, स्पर्धा उतरतात त्या याच वयोगटांत, कारण मागणी तिथे आहे. तिशी उलटली, नोकरी लागली किंवा लागणार नाही हे नक्की झाले, की खेळाडूला गुण मिळवण्याचे कारणही राहत नाही आणि जागाही. जुना फड त्याला असा हाकलून देत नसे. पंचेचाळिशीचा गडी आपल्या तोलाच्या गड्याशी दुपारची एखादी कुस्ती खेळू शके, कारण पंच जोड पाहत, जन्मतारीख नव्हे. जोड लागली तर वय आडवे येत नसे.

यावर असे म्हटले जाईल की वडीलधाऱ्या पैलवानाला समाजाने वस्तादाचा मान दिला आहे, मग त्याने पुन्हा लंगोट का कसावा? वस्तादाची परंपरा थोर आहे यात शंका नाही. बिराजदार स्वतः पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पिढी घडवत राहिले. पण वस्ताद होणे हे काही थोड्यांच्या नशिबी असते, आणि ते शिकवणे आहे, खेळणे नव्हे. चाळिशीनंतर खेळत राहू इच्छिणाऱ्या शंभरांतल्या पाचांना तालीम सापडेल, बाकीच्यांना कट्टा. जगात याचे उत्तर गटानेच दिले आहे. १९८५ मध्ये टोरांटोला पहिले जागतिक मास्टर्स गेम्स झाले. कुस्तीच्या जागतिक संघटनेने ३५ वर्षांपुढच्या मल्लांसाठी पाच-पाच वर्षांचे गट केले आहेत. अमेरिकेत वाढलेला डिस्क गोल्फ हा खेळ परभणीला अगदीच अनोळखी, पण त्याची व्यवस्था इथल्या फडाशी आश्चर्यकारक जुळते. ठरलेल्या जागेवरून चकती फेकत साखळ्यांच्या टोपलीत घालायची, कमीत कमी फेकींत. १९७६ मध्ये एड हेड्रिक यांनी स्थापन केलेल्या या खेळाच्या संघटनेत हौशी खेळाडूंसाठी ४०, ५०, ६० आणि त्यापुढचे वेगळे गट आहेत. स्पर्धा कोणत्या दर्जाची होती आणि तुम्ही किती जणांना मागे टाकले यावर गुण ठरतात, वर्षभराचे गुण साठतात आणि त्यावर हौशींच्या जागतिक स्पर्धेचे आमंत्रण मिळते. हौशी गटात बक्षीस रोख नसते, वस्तूंच्या रूपात असते. लहान जत्रेच्या तिसऱ्या कुस्तीपेक्षा मोठ्या जत्रेच्या तिसऱ्या कुस्तीला मान जास्त, आणि इनाम म्हणून फेटा किंवा कडे, हे परभणीच्या पंचांना कोणी समजावून सांगायला नको होते.

अजून दोन आक्षेप उरतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला प्रमाणपत्रांच्या काळ्या बाजाराचा. नोकरीसाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रे काढल्याची प्रकरणे मराठवाड्यात गाजली आहेत. मग आणखी गट काढून आणखी कागद कशाला? पण रोग कागदाला जडला तो नोकरीच्या लोभातून. पन्नाशीच्या हौशी खेळाडूच्या गुणांना बाजारात काहीच भाव नाही, ते विकायला जाणार कोण? उलट खेळाच्या नोंदी खेळासाठीच ठेवण्याची सवय पुन्हा रुजवायची असेल तर ती याच गटापासून रुजवणे सोपे. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. उन्हातान्हात राबणाऱ्या, कर्ज आणि पावसाच्या हुलकावण्या सोसणाऱ्या शेतकऱ्याला उतारवयात खेळाची चैन परवडते का, आणि गुडघा मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण देणार? दुखापतीची भीती खरी आहे, म्हणूनच वयाचा गट हवा. आज त्याला खेळायचेच असेल तर तरण्याच्या अंगावर पडावे लागते, आणि मोडतोड तिथेच होते. चैनीबद्दल म्हणाल तर फडातले बहुतेक पैलवान शेतकरीच होते. जत्रेचा हंगाम सुगीला धरून बसवलेला होता तो शेतकऱ्याच्या सोयीने. परवडण्याचा प्रश्न त्या लोकांनी कधीच सोडवला होता, कारण खेळ घरापासून दोन कोसांवर होता आणि वर्गणी गावाची होती. वर्षभर मुंबई-पुण्याच्या खेपा घालून गुण मिळवायचे असतील तर मात्र ती चैनच ठरेल.

म्हणून उपाय दोन टोकांच्या मधोमध सापडतो. जुन्या फडाकडे जवळीक होती पण स्मृती टिकत नव्हती. नव्या शिडीकडे स्मृती आहे पण ती तरुणांपुरती आणि दूरच्या मैदानांपुरती. जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांत दरवर्षी जत्रा भरतात, पंच बसतात, हलगी वाजते. तिथे पस्तिशी आणि पंचेचाळिशीपुढच्यांच्या काही जोडी वजन पाहून लावायच्या, निकाल लिहून ठेवायचा, मोठ्या जत्रेला जास्त आणि लहान जत्रेला कमी असे गुण धरायचे, आणि वर्षाच्या शेवटी वरच्या काही जणांना जिल्ह्याच्या ठिकाणी लढवायचे, यासाठी नवे मैदानही लागत नाही आणि नवा कायदाही. जिल्हा तालीम संघाला हे एका वहीवर जमेल. निजामाच्या राज्यात नोकरदार आणि नशीब काढायला निघालेले लोक म्हणत, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. दुसरीकडे जमले नाही तर या सुपीक जिल्ह्यात निभाव लागेल, असा त्याचा अर्थ. दुसरी संधी देणारा जिल्हा अशी ज्याची ख्याती, त्याने आपल्या प्रौढ खेळाडूंना ती नाकारण्याचे कारण नाही. जोड बेताची आहे का, एवढे विचारून पंचांनी पिढ्यान्‌पिढ्या पात्रता ठरवली. त्या प्रश्नात आता वयाचा रकाना घालायचा आणि उत्तर लिहून ठेवायचे, इतकेच काम बाकी आहे.